अल्झायमरच्या उंदीर-मॉडेलमधील स्मृतिदोष वॉटर मेझमध्ये कसा मोजावा

वॉटर मेझमध्ये, म्हणजे पाण्याखाली प्लॅटफॉर्म लपवलेल्या गोल टाकीत, उंदीर पोहतो आणि आपण त्याचे पोहणे मोजतो. त्याला किती आठवते हे कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. पोहण्याचा मार्ग, लागलेला वेळ आणि वेग यांवरून आपण ते अनुमानाने ठरवतो. हे अनुमान परीक्षकापुढे आणि त्याहीपेक्षा स्वतःपुढे टिकावे यासाठी प्रयोगाची मांडणी कशी करावी, एवढाच या मार्गदर्शिकेचा विषय आहे. औषधनिर्माणशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान या शाखांत पदव्युत्तर प्रकल्प अथवा पीएचडी करणारे विद्यार्थी वाचक म्हणून गृहीत धरले आहेत. ‘ट्रान्सजेनिक (बाहेरचे जनुक घातलेल्या) उंदरांना प्लॅटफॉर्म शोधायला जास्त वेळ लागला, त्यामुळे त्यांची स्मृती बिघडली आहे’ असे वाक्य प्रबंधांत सहज लिहिले जाते, परंतु त्याचा उत्तरार्ध पूर्वार्धातून आपोआप निघत नाही. उंदीर आंधळा असेल, थकलेला असेल, घाबरून कडेकडेने फिरत असेल किंवा कोमट पाण्यात नुसता तरंगत असेल, तरी वेळ तितकाच वाढतो. म्हणून स्मृतिदोष सिद्ध करणे म्हणजे मुख्यतः इतर कारणे एकेक करून बाजूला सारणे होय.

मॉडेल आणि वय

उंदराच्या स्वतःच्या अमायलॉइड-बीटामध्ये (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनखंडात) आणि माणसाच्या अमायलॉइड-बीटामध्ये तीन अमिनो आम्लांचा फरक असतो, आणि साधा उंदीर म्हातारा झाला तरी त्याच्या मेंदूत प्लाक, म्हणजे या प्रथिनाचे साठे, तयार होत नाहीत. त्यामुळे आनुवंशिक अल्झायमर असलेल्या कुटुंबांत सापडलेली मानवी उत्परिवर्तने उंदरात घालावी लागतात. या पद्धतीने १९९५ मध्ये पीडीएपीपी, १९९६ मध्ये टीजी२५७६, २००३ मध्ये ३एक्सटीजी आणि २००६ मध्ये ५एक्सएफएडी ही मॉडेल प्रसिद्ध झाली. जपानमधील रिकेन संस्थेने २०१४ मध्ये उंदराच्या मूळ एपीपी जनुकातच (अमायलॉइड-बीटा ज्या प्रथिनापासून तुटून निघते त्याच्या जनुकात) बदल करून एपीपी एनएल-जी-एफ हे नॉक-इन मॉडेल आणले, ज्यात प्रथिनाचे अतिरिक्त उत्पादन होत नाही. ही सर्व मॉडेल रोगाच्या आनुवंशिक प्रकारावर उभी आहेत, आणि प्रत्यक्ष रुग्णांत त्या प्रकाराचे प्रमाण अगदी अल्प असते, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

मुदतीचा प्रकल्प असेल तर ५एक्सएफएडी सोयीचा ठरतो. त्यात पाच उत्परिवर्तने एकत्र असल्याने दोन महिन्यांच्या वयातच प्लाक दिसू लागतात आणि चार ते पाच महिन्यांत वाय-मेझमधील (तीन भुजांच्या चक्रव्यूहातील) दोष आढळतो. मात्र हा उंदीर साधारण नऊ महिन्यांचा झाला की त्याच्या हालचालींत बिघाड दिसू लागतो, आणि मग तो हळू पोहतो याचा अर्थ लावणे कठीण होते. म्हणून वॉटर मेझसाठी पाच ते सात महिन्यांचे वय धरावे. एपीपी/पीएस१ या आणखी एका मॉडेलमध्ये सुमारे सहाव्या महिन्यापासून प्लाक दिसतात. टीजी२५७६ मध्ये त्यांना जवळजवळ वर्ष लागते, आणि तेवढा काळ वसाहत सांभाळण्याचा खर्च व जागा लहान संस्थेला परवडत नाही. ३एक्सटीजी मध्ये टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते मिळतात हे त्याचे आकर्षण आहे, पण त्यातील नरांमध्ये विकृती क्षीण झाल्याचे अनेक प्रयोगशाळांनी नोंदवले आहे; तो घेतल्यास माद्यांवर काम करावे आणि आपल्याच वसाहतीतील काही प्राण्यांचे मेंदू आधी तपासून घ्यावेत. लिंगाचा मुद्दा इतर मॉडेलांतही सुटत नाही. ५एक्सएफएडी आणि एपीपी/पीएस१ या दोहोंत माद्यांमध्ये प्लाक अधिक असतात, त्यामुळे नर आणि मादी एकाच गटात मिसळून सरासरी काढू नये.

आपल्याकडील बहुसंख्य प्रकल्प मात्र ट्रान्सजेनिक उंदरांवर होत नाहीत. ते स्कोपोलामाइनवर होतात, कारण ते स्वस्त आहे आणि महिन्याभरात काम उरकते. धोतऱ्यात आढळणारे हे द्रव्य मस्करिनिक ग्राहकांना (असिटिलकोलीन या चेतासंदेशकाच्या ग्राहकांना) अडवते. प्रति किलो वजनाला १ मिलिग्रॅम ही मात्रा चाचणीपूर्वी अर्धा तास पोटाच्या पोकळीत टोचली की उंदराची कामगिरी घसरते. यात प्लाक नाहीत, टाऊ नाही आणि पेशींचा क्रमशः होणारा ऱ्हासही नाही. शिवाय स्कोपोलामाइनने बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते आणि प्राणी अस्वस्थपणे हिंडतो, म्हणजे दृष्टी आणि हालचाल या दोहोंवर परिणाम होतो. मेंदूत फारसे न शिरणारे मिथाइल-स्कोपोलामाइन दिलेला एक जादा गट ठेवल्यास शरीरावरील परिणाम वेगळे काढता येतात. हा गट बहुतेक प्रबंधांत नसतो, आणि तो असायला हवा. डोनेपेझिल या अल्झायमरवरील औषधाने स्कोपोलामाइनचा परिणाम उलटला, या निष्कर्षात नवीन असे काही नाही, कारण एक द्रव्य ज्या यंत्रणेला दाबते तिलाच दुसरे उचलून धरते. अशा प्रकल्पाच्या शीर्षकात ‘अल्झायमरचे मॉडेल’ असे न लिहिता ‘स्कोपोलामाइनजन्य विस्मृती’ असे लिहावे.

रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) मेंदूच्या पोकळ्यांत स्ट्रेप्टोझोटोसिन टोचण्याचे मॉडेल या दोहोंच्या मधले आहे. त्यात प्रति किलो ३ मिलिग्रॅम ही मात्रा रूढ आहे. शस्त्रक्रिया आणि भूल यांचा परिणाम स्वतंत्रपणे कळावा म्हणून, केवळ कृत्रिम मस्तिष्कद्रव टोचलेला गट त्यात अनिवार्य मानावा.

कोणतेही मॉडेल घेतले तरी भारतात काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मान्यता लागते. ही व्यवस्था १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये नेमलेल्या केंद्रीय समितीच्या देखरेखीखाली चालते. ट्रान्सजेनिक प्राण्यांसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडेही जावे लागते. अर्जात प्राणिसंख्येचे समर्थन, पोहताना प्राणी बुडू लागल्यास काय करणार, आणि कोणत्या अवस्थेत प्राण्याला प्रयोगातून काढणार, हे स्पष्ट लिहावे.

आधी डोळे तपासावेत

हा भाग सर्वांत अधिक दुर्लक्षित राहतो, म्हणून तो सविस्तर देत आहे. प्रयोगशाळेतील उंदरांच्या काही वाणांत आरडी१ नावाचे उत्परिवर्तन असते. त्याच्या दोन्ही प्रती मिळालेल्या पिल्लाच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास जन्मानंतर काही आठवड्यांतच होतो आणि ते जवळजवळ आंधळे होते. सी३एच, एसजेएल आणि एफव्हीबी हे वाण या उत्परिवर्तनासाठी प्रसिद्ध आहेत. टीजी२५७६ आणि मूळ ५एक्सएफएडी या दोन्ही वसाहती सी५७बीएल/६ आणि एसजेएल यांच्या संकरातून आलेल्या आहेत. म्हणजे आपल्या पिंजऱ्यातील काही उंदीर, ट्रान्सजेनिक असोत वा नसोत, आंधळे असण्याची खरी शक्यता असते. आंधळा उंदीर पिंजऱ्यात अगदी नीट वावरतो, खातो, भावंडांशी खेळतो. पाहणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. पाण्यात सोडल्यावर मात्र त्याला भिंतीवरची चिन्हे दिसत नाहीत आणि तो हुबेहूब स्मृती गेलेल्या उंदरासारखा वागतो. गटात असे दोन-तीन प्राणी एका बाजूला अधिक पडले तरी निकाल फिरतो.

यावरचा उपाय सोपा आहे. जनुकाची ओळख पटवण्यासाठी कानाचा किंवा शेपटीचा नमुना घेतोच, त्याच डीएनएवर आरडी१ साठी आणखी एक पीसीआर करावा आणि दोन्ही प्रती असलेले प्राणी गटवारीपूर्वीच वगळावेत. वसाहत सी५७बीएल/६ वर अनेक पिढ्या परत-संकरित केलेली असल्यास हा धोका राहत नाही, परंतु तसे असल्याचा लेखी पुरावा पुरवठादाराकडून मागून घ्यावा. बीएएलबी/सी यांसारख्या पांढऱ्या वाणांची दृष्टीही अधू असते. दृश्य चिन्हांवर चालणाऱ्या चाचणीसाठी ते टाळावेत. प्राण्याची जनुकीय ओळख प्रयोगाच्या अखेरीस गोळा केलेल्या ऊतीवरून पुन्हा पडताळावी, कारण पिंजऱ्यांची अदलाबदल आपल्याला वाटते त्याहून अधिक वेळा होते.

नियंत्रण गट म्हणून एकाच वेतातील वाइल्ड टाइप, म्हणजे ते जनुक न मिळालेली, भावंडे घ्यावीत. बाजारातून स्वतंत्रपणे विकत आणलेले सी५७बीएल/६ हे वेगळ्या आईने, वेगळ्या खोलीत वाढवलेले असतात आणि त्यांच्याशी केलेली तुलना केवळ जनुकाची तुलना राहत नाही. एका वेतातील सगळी पिल्ले एकाच गटात घालू नयेत. तसे केले तर औषधाचा परिणाम आणि आईचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. प्रत्येक गटात दहा ते पंधरा प्राणी धरण्याची प्रथा आहे. ही संख्या प्राथमिक प्रयोगातील विचलनावरून गणिताने काढावी आणि तीत मृत्यूची तजवीज ठेवावी, कारण एपीपीचे अतिरिक्त उत्पादन करणाऱ्या अनेक वाणांत अपस्माराचे झटके आणि अकाली मृत्यू आढळतात. जे प्राणी चाचणीपर्यंत पोहोचतात ते मुळातच अधिक दणकट असतात, ही बाब चर्चेच्या प्रकरणात नोंदवावी.

खोली, टाकी आणि पाणी

रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठातून ही चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा पाणी अपारदर्शक करण्यासाठी त्यांनी दूध वापरले होते. आपल्या हवेत दुपारपर्यंत त्या पाण्याला वास सुटेल, म्हणून बिनविषारी पांढरा टेम्परा रंग वापरावा. उंदरांसाठी सुमारे १२० सेंटीमीटर व्यासाची आणि रॅटसाठी १८० ते २१० सेंटीमीटर व्यासाची गोल टाकी घ्यावी. उंदरांसाठी १० सेंटीमीटर व्यासाचा प्लॅटफॉर्म पाण्याच्या पृष्ठभागाखाली १ सेंटीमीटर बुडालेला असावा आणि त्याचा वरचा भाग खरखरीत असावा, नाहीतर ओला उंदीर त्यावरून घसरतो आणि प्लॅटफॉर्म म्हणजे सुटका हे शिकतच नाही.

उंदरांसाठी पाणी २१ ते २३ अंश सेल्सिअस ठेवावे. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी याच्या बरेच वर असते आणि अशा उबदार पाण्यात उंदराला बाहेर पडण्याची घाईच नसते. तो अंग सैल सोडून तरंगतो. तेथे बर्फाच्या लाद्या लागतात. उलट नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळचे पाणी २० अंशांच्या खाली जाते, आणि लहान शरीराचा प्राणी त्यात झपाट्याने गारठून दोन-तीन फेऱ्यांतच मंद पडतो. प्रत्येक सत्राच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी तापमान नोंदवावे आणि ते नोंदवहीत लिहावे, केवळ लक्षात ठेवू नये.

उंदीर दिशा ओळखतो ती टाकीबाहेरच्या खुणांवरून. भिंतींवर तीन-चार मोठ्या, एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या आकृत्या लावाव्यात आणि संपूर्ण प्रयोग होईपर्यंत त्यांना हात लावू नये. खोलीतील कपाट, दार, पंखा आणि खुद्द प्रयोगकर्ता हेही उंदराच्या दृष्टीने खुणाच असतात. म्हणून दार नेहमी बंद असावे, आणि प्राणी पाण्यात सोडल्यावर प्रयोगकर्त्याने पडद्यामागे किंवा दररोज त्याच एका जागी जाऊन बसावे. प्रकाश अप्रत्यक्ष असावा. पाण्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले तर कॅमेऱ्याला ते उंदीर वाटते. कॅमेरा आणि संगणक यूपीएसवर असावेत. रस्त्याला लागून असलेल्या संस्थेने गणेशोत्सवाचे आणि दिवाळीचे दिवस वेळापत्रकातून वगळावेत, कारण ढोल-ताशा आणि फटाके यांच्या आवाजाने भेदरलेल्या प्राण्यांचे आकडे कोणत्याही सांख्यिकीने दुरुस्त होत नाहीत.

हाताळणी

चाचणीपूर्वी किमान पाच दिवस प्रत्येक उंदराला रोज काही मिनिटे हाताची सवय करावी. शेपटीला धरून उचलल्याने उंदीर अधिक भित्रा होतो आणि ओंजळीत किंवा नळकांड्यातून उचलल्यास ही भीती कमी होते, असे २०१० मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले आहे. तरीही शेपटीची सवय आपल्या प्रयोगशाळांतून गेलेली नाही. पुरुषांच्या गंधाने उंदीर-रॅटमध्ये ताण वाढतो असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. त्यावरून कोणी काम करावे हे ठरवण्याची आवश्यकता नाही, परंतु आरंभापासून शेवटपर्यंत एकाच व्यक्तीने प्राणी हाताळावेत एवढे अवश्य पाळावे. त्या व्यक्तीला कोणता प्राणी कोणत्या गटातला आहे हे ठाऊक नसावे. सांकेतिक क्रमांक दुसऱ्या सहकाऱ्याने द्यावेत आणि त्यांची यादी विश्लेषण संपेपर्यंत बंद ठेवावी.

शिकवण्याचे दिवस

टाकीचे चार कल्पित चतुर्थांश करावेत आणि प्लॅटफॉर्म, समजा, नैऋत्य चतुर्थांशाच्या मध्यभागी ठेवावा. रूढ पद्धतीत उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या चार ठिकाणांहून उंदीर सोडतात. पण मग दक्षिण आणि पश्चिमेकडून अंतर कमी पडते आणि उत्तर व पूर्वेकडून जास्त. त्याऐवजी उत्तर, पूर्व, आग्नेय आणि वायव्य ही आरंभस्थाने घ्यावीत, म्हणजे कोणतीही फेरी फार सोपी होत नाही. दररोज चारही स्थाने एकेकदा यावीत, त्यांचा क्रम रोज बदलावा, आणि त्या दिवशीचा क्रम सर्व प्राण्यांसाठी सारखा असावा.

उंदराला भिंतीकडे तोंड करून अलगद पाण्यात सोडावे; वरून टाकू नये. त्याला ६० सेकंद द्यावेत. तेवढ्यात प्लॅटफॉर्म सापडला नाही तर हाताने हळूच तिकडे न्यावे आणि १५ सेकंद त्यावर राहू द्यावे, कारण आजूबाजूच्या खुणा तो याच वेळी पाहतो. नंतर टॉवेलने टिपून कोरड्या, उबदार पिंजऱ्यात ठेवावे. दोन फेऱ्यांमध्ये किमान दहा-पंधरा मिनिटांचे अंतर असावे; प्राणी एकामागून एक न संपवता सहा-आठ जणांची तुकडी करून आळीपाळीने सोडले की हे अंतर आपोआप मिळते. रोज चार फेऱ्या, असे पाच दिवस करावे. सर्व दिवशी काम एकाच वेळी सुरू करावे आणि प्रत्येक तुकडीत सर्व गटांचे प्राणी असावेत, नाहीतर सकाळचा गट आणि दुपारचा गट यांच्यातील फरक जनुकाच्या नावावर जमा होतो.

पहिल्या दिवशीच्या पहिल्या फेरीत दोन्ही गट सारखेच चाचपडायला हवेत, कारण तेव्हा आठवण्यासारखे काही नसतेच. त्या फेरीतच ट्रान्सजेनिक गट मागे पडला असेल तर दोष स्मृतीचा नाही हे ओळखावे आणि पोहण्याचा वेग, दृष्टी व भीती यांचा शोध घ्यावा. पहिली फेरी वेगळी काढून पाहण्याची ही सवय मला सर्व आकडेमोडीपेक्षा उपयोगी वाटते, आणि तिला काडीचाही खर्च नाही.

प्रोब आणि दृश्य प्लॅटफॉर्म

शेवटच्या फेरीनंतर २४ तासांनी प्लॅटफॉर्म काढून घ्यावा आणि उंदराला त्याच्या बरोबर समोरच्या, पूर्वी न वापरलेल्या ईशान्य बाजूने ६० सेकंदांसाठी सोडावे. ही प्लॅटफॉर्मविना फेरी म्हणजेच प्रोब; तो त्याच दिवशी लगेच घेतला तर दीर्घकालीन स्मृतीऐवजी ताजी आठवण मोजली जाते. ज्याला जागा आठवते तो नैऋत्य चतुर्थांशात घुटमळतो. निव्वळ योगायोगाने तेथे जाणारा वेळ २५ टक्के असतो. पहिल्या ३० सेकंदांचे विश्लेषण स्वतंत्रपणे करावे. हुशार उंदीर प्लॅटफॉर्म तेथे नाही हे लवकर जाणतो आणि इतरत्र शोधू लागतो, त्यामुळे पूर्ण मिनिटाच्या सरासरीत उत्तम स्मृती असलेला प्राणी मध्यम दिसण्याची शक्यता असते. चतुर्थांशातील वेळेपेक्षा प्लॅटफॉर्मच्या मूळ जागेपासूनचे सरासरी अंतर हे माप अधिक संवेदनशील आहे; ट्रॅकिंगचे सॉफ्टवेअर ते देते, फक्त मागावे लागते.

त्यानंतर, किंवा काही प्रयोगशाळांप्रमाणे सर्वांत आधी, दृश्य प्लॅटफॉर्मची चाचणी घ्यावी. प्लॅटफॉर्म पाण्यावर किंचित वर आणून त्यावर छोटा झेंडा लावावा आणि त्याची जागा प्रत्येक फेरीत बदलावी. येथे स्मृतीची आवश्यकता नसते. लागते ती दृष्टी, पोहण्याची ताकद आणि बाहेर पडण्याची इच्छा. दोन्ही गट येथे बरोबरीने आले आणि लपलेल्या प्लॅटफॉर्मच्या वेळी मात्र एक मागे राहिला, तरच स्थलस्मृतीबद्दल बोलण्याचा अधिकार मिळतो. ही चाचणी न केलेला वॉटर मेझ अपुरा समजावा, मग त्याचे आलेख कितीही सुबक असोत.

आकड्यांचे काय करावे

वेळेपेक्षा मार्गाच्या लांबीवर भर द्यावा. सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाने ६ मीटर पोहणारा उंदीर ३० सेकंदांत पोहोचतो. सेकंदाला १५ सेंटीमीटर वेगाने तेच ६ मीटर पोहणाऱ्याला ४० सेकंद लागतात. दोघांना जागा सारखीच ठाऊक आहे, पण वेळेच्या आलेखात दुसरा विस्मरणाचा रुग्ण ठरतो. वेग प्रत्येक गटासाठी वेगळा छापावा. टाकीच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात गेलेला वेळही द्यावा, कारण तेथे रेंगाळणे हे भीतीचे किंवा शोधाची पद्धतच न सापडल्याचे लक्षण असते. बराच काळ हालचाल न करता तरंगणाऱ्या प्राण्याला वगळायचे असल्यास त्याचा निकष प्रयोगापूर्वी लिहून ठेवावा. निकाल पाहून वगळणे हा निकष नव्हे.

पाच दिवसांच्या आकड्यांसाठी पुनरावृत्त मापांचा अनोव्हा किंवा मिश्र मॉडेल वापरावे आणि वेत हा घटक त्यात घ्यावा. ज्या फेऱ्यांत प्राणी ६० सेकंदांत पोहोचलाच नाही, त्यांना ६० हा आकडा देणे म्हणजे खरा वेळ माहीत नसताना तो माहीत असल्याचे भासवणे होय. अशा फेऱ्या पुष्कळ असल्यास जीवितकाल-विश्लेषणाची पद्धत योग्य ठरते. एका प्राण्याच्या वीस फेऱ्या म्हणजे वीस प्राणी नव्हेत. आणखी एक चूक छापील शोधनिबंधांतही दिसते: वाइल्ड टाइप गट २५ टक्क्यांहून लक्षणीय वर, ट्रान्सजेनिक गट तसा नाही, म्हणून दोघांत फरक आहे, असा निष्कर्ष काढला जातो. दोन गटांची थेट तुलना केल्याशिवाय हा निष्कर्ष निघत नाही. एक गट रेषेच्या किंचित वर आणि दुसरा किंचित खाली असूनही त्यांच्यातील फरक नगण्य असू शकतो.

मूळ व्हिडिओ, ट्रॅकिंगच्या फाइली आणि नोंदवहीची पाने जपून ठेवावीत. टीजी२५७६ उंदरांतील एका विशिष्ट अमायलॉइड रूपामुळे स्मृती बिघडते असे सांगणारा, हजारो वेळा उद्धृत झालेला २००६ चा ‘नेचर’मधील शोधनिबंध प्रतिमांतील फेरफारांमुळे २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. त्यातील वादग्रस्त भाग प्रथिनांच्या पट्ट्यांच्या प्रतिमांचा होता, उंदरांच्या पोहण्याचा नव्हे. तरीही मूळ नोंदी तपासायला मागणाऱ्या वाचकाला त्या दाखवता आल्या पाहिजेत, ही अपेक्षा दोन्हींना सारखीच लागू आहे.

सोबतीच्या चाचण्या

एकाच चाचणीवर विसंबू नये, आणि कमी त्रासाच्या चाचण्या आधी घ्याव्यात. वाय-मेझमध्ये उंदीर तीन भुजांत आठ मिनिटे मोकळा फिरतो. लागोपाठ तीन वेगवेगळ्या भुजांत गेल्याच्या घटना मोजून त्यांना एकूण प्रवेशांतून दोन वजा केलेल्या संख्येने भागावे आणि शंभराने गुणावे. प्रवेशांची संख्या गटांत सारखी आहे का हे प्रथम पाहावे. नवीन वस्तू ओळखण्याच्या चाचणीत दोन सारख्या वस्तू दाखवून, एक किंवा चोवीस तासांनी त्यातील एक बदलतात. नव्या आणि जुन्या वस्तूला दिलेल्या वेळांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की उणे एक ते अधिक एक यांमधील निर्देशांक मिळतो. वस्तूंपैकी कोणतीही मुळातच अधिक आवडती नाही, याची खात्री वेगळ्या प्राण्यांवर करून घ्यावी आणि दर फेरीनंतर त्या सौम्य अल्कोहोलने पुसाव्यात. विजेच्या सौम्य धक्क्यावर आधारित भयस्मृतीची चाचणी सर्वांत शेवटी असावी. तीत घंटानाद वापरल्यास श्रवणशक्ती तपासावी, कारण सी५७बीएल/६ वाणाला वयानुसार ऐकू येणे कमी होते. पोहणे सहन होणार नाही इतके प्राणी अशक्त असतील तर वॉटर मेझऐवजी कॅरल बार्न्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला, भोकांच्या गोल तबकडीचा बार्न्स मेझ वापरावा. त्यात ताण कमी असतो, पण प्रेरणाही कमी असते आणि काही उंदीर नुसते हुंगत बसतात.

निष्कर्ष लिहिताना

पीडीएपीपी उंदरांना अमायलॉइडची लस दिल्यावर प्लाक कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी इतर ट्रान्सजेनिक उंदरांत स्मृतीही सुधारल्याचे दिसले. माणसांवरील त्या लसीची चाचणी मात्र काही रुग्णांना मेंदूचा दाह झाल्याने २००२ मध्ये थांबवावी लागली. उंदरांचे आकडे खोटे नव्हते. ते उंदरांचे होते. म्हणून प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ‘हा अर्क अल्झायमरवर गुणकारी आहे’ असे लिहू नये. वाण, वय, लिंग, संख्या, वगळलेले प्राणी व त्यांची कारणे, पाण्याचे तापमान, गटवारीची पद्धत आणि सांकेतिक क्रमांकांची व्यवस्था ही सर्व माहिती प्राणी-प्रयोगांच्या अहवालासाठी असलेल्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२० च्या आवृत्तीनुसार द्यावी आणि निष्कर्ष पुढीलप्रमाणे मोजून लिहावा: ‘सहा महिन्यांच्या ५एक्सएफएडी माद्यांनी दृश्य प्लॅटफॉर्म एकाच वेतातील वाइल्ड टाइप बहिणींइतक्याच वेगाने आणि तितक्याच लांबीच्या मार्गाने गाठला; लपलेला प्लॅटफॉर्म शोधताना पाचही दिवस त्यांचा मार्ग अधिक लांब होता आणि २४ तासांनंतरच्या प्रोबमध्ये त्यांचे मूळ जागेपासूनचे सरासरी अंतर अधिक राहिले; यावरून या वयात त्यांच्या स्थलस्मृतीत दोष असल्याचे दिसते.’ यातील एखादे उपवाक्य आपल्या आकड्यांवरून लिहिता येत नसेल, तर शेवटचे उपवाक्यही काढून टाकावे आणि जे मोजले तेवढेच छापावे.